नऊ नंबरच्या खोलीतले डॉक्टर बोलत होते

ब्रॅकनेल, बर्कशायर
दिनांक : २६ नोव्हेंबर २००७

प्रति,
मा. विभागीय प्रमुख,
वृद्धनिवास तपासणी कार्यालय,
टेम्स खोरे विभाग.

विषय : एल्मक्रॉफ्ट निवासाच्या तपासणी अहवालातील पान चौदावरील एक वाक्य दुरुस्त करण्याबाबत, तसेच अर्जदाराच्या हातून घडलेल्या एका गैरकृत्याबाबत.

संदर्भ : १) आपला तपासणी अहवाल, मे २००७.
२) अर्जदाराचे पत्र दि. ४ जून २००७.
३) प्रकरण बंद केल्याचे आपले पत्र दि. ९ नोव्हेंबर २००७.

महोदय,

हा अर्ज मराठीत करण्याचे कारण असे की, तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारली जाईल असे आपल्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर छापलेले आहे. याआधीची पत्रे अर्जदाराने इंग्रजीत लिहिली. त्यांत चुकण्याची भीतीच जास्त होती, सांगायचे ते राहून गेले. अर्जदार वरदा मिलिंद देवपुजारी ही अकरा वर्षे नागपूर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात कारकून होती. अर्ज करणाऱ्याने स्वतःला 'मी' म्हणू नये, 'अर्जदार' म्हणावे, हे तिथे हाताला लागलेले वळण अजून सुटलेले नाही. त्याबद्दल राग नसावा.

अर्जदाराचे पती ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. २००५ च्या सप्टेंबरात ती त्यांच्याबरोबर इथे आली. मूलबाळ नाही. सकाळी सव्वासातला मिलिंद घराबाहेर पडले की संध्याकाळी ते परत येईपर्यंत फ्लॅटमध्ये फक्त बॉयलरचा आवाज. दुकानातल्या बाईला 'थँक यू' म्हटले की दिवसाचे बोलणे संपले, असे सव्वा वर्ष काढल्यावर तिने या जानेवारीत एल्मक्रॉफ्ट निवासाच्या लाँड्रीत काम धरले. काम तळघरात, चादरी-टॉवेल धुऊन, घड्या करून खोल्याखोल्यांत पोचवण्याचे. तिथे तिला सगळे 'वॉर्डा' म्हणत. माणसे वाईट नव्हती, घाईत होती.

दि. ६ फेब्रुवारी रोजी दुपारी अर्जदार खोली क्रमांक नऊमध्ये टॉवेल ठेवायला गेली. खुर्चीत बसलेले वृद्ध गृहस्थ तिच्याकडे न बघताच म्हणाले,

"बाई, ती खिडकी लावा हो. मानेवर वारं येतंय."

अर्जदाराने खिडकी लावली, टॉवेल कपाटात ठेवले आणि ती दारापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थांबले. आपल्याला कोणत्या भाषेत सांगितले गेले आणि आपण ते ऐकले, हे तिच्या तेव्हा ध्यानात आले. वळून तिने विचारले, "काय म्हणालात?"

ते गृहस्थ तिच्याकडे पाहत राहिले. मग डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून ते पुढे झुकले. "तुम्हाला कळलं?" ते म्हणाले. "बाई, तुम्हाला कळलं?"

हे गृहस्थ म्हणजे डॉ. श्रीनिवास आगटे, वय ७४. पुण्याला डॉक्टरी शिकून ते १९६४ साली या देशात आले आणि तीस वर्षे त्यांनी इथल्या इस्पितळांत म्हाताऱ्या रुग्णांचे वॉर्ड सांभाळले. पत्नी इंग्रज, नर्स होत्या. त्यांना घरात परके वाटू नये म्हणून डॉक्टर घरी इंग्रजीच बोलत. त्या २००३ साली वारल्या. दोन वर्षांनी डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले आणि त्यासोबत चाळीस वर्षांचे इंग्रजीही गेले. उरली ती लहानपणची मराठी, तीही जड जिभेची, अडखळणारी. इस्पितळाने कागदावर 'अर्थहीन आवाज काढतात' असे लिहिले. एल्मक्रॉफ्टने ते 'बोलत नाहीत' असे उतरवून घेतले. पंधरा महिने ते त्या खोलीत बोलत होते.

त्याच आठवड्यात त्यांनी जेवण सोडले होते. 'उदास, अन्न नाकारतात' अशी नोंद होऊन त्यांना पातळ खिमट सुरू झाले होते. अर्जदाराने विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, दाढ ठणकतेय. अकरा दिवस सांगतोय सगळ्यांना." अर्जदाराने वर जाऊन सिनियर केअररला सांगितले. त्या आधी हसल्या. मग अर्जदार जिन्यातच उभी राहिली आणि डेंटिस्टला फोन होईपर्यंत हलली नाही. दाढेखाली पू झाला होता. दाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटभर जेवून आणखी बटाटा मागितला.

लाँड्रीच्या बाईने खोलीत बसायचे नसते अशी समज मॅनेजरबाईंनी दिली. तेव्हापासून अर्जदार आपली कामाची पाळी संपल्यावर, कोट घालून, पाहुणी म्हणून नोंदवहीत सही करून अर्धा तास नऊ नंबरमध्ये बसू लागली. त्या अर्ध्या तासात विशेष काही होत नसे. डॉक्टर विचारत, आज काय केलंत जेवायला? अर्जदार सांगे, भरली वांगी, पण इथल्या वांग्याला चव नाही. ते म्हणत, देठाकडून चिरून बघा. ते तिला 'वरदाबाई' म्हणत. तिचे नाव नीट उच्चारणारा तो दिवसातला एकच आवाज होता. अर्जदार हे लिहिते आहे, कारण यात तिचाही स्वार्थ होता हे आपल्याला माहीत असावे.

दि. १४ मार्च रोजी आपल्या कार्यालयाच्या तपासनीस बाई एल्मक्रॉफ्टला आल्या. अर्जदार त्या वेळी तळघरात होती. तिला वर बोलावले नाही आणि तिनेही आपण होऊन जायचे धाडस केले नाही. हा दोष तिचा आहे. पाळी संपल्यावर ती नऊ नंबरमध्ये गेली, तर डॉक्टर खुशीत होते.

"आज एक बाई आल्या होत्या, वही घेऊन," ते म्हणाले. "सरकारी. मी त्यांना सगळं सांगितलं. साडेपाचला निजवतात ते सांगितलं. घंटेची दोरी उजव्या हाताला बांधलीय आणि उजवा हात हलत नाही, ते सांगितलं. आत येणारा माणूस आपलं नाव सांगत नाही, तेही सांगितलं. बाई समजूतदार होत्या. हातावर हात ठेवून ऐकत होत्या. सगळं लिहून घेतलं."

अर्जदाराने विचारले, "त्या काही म्हणाल्या का?"

"मान हलवत होत्या. आता उत्तर येईल."

अर्जदाराने त्यांना खरे सांगितले नाही. सांगायला हवे होते. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाची तक्रार कुणीतरी लिहून घेतली होती, असे त्यांना वाटत होते, आणि ते त्यांच्याकडून काढून घ्यायला तिची जीभ रेटली नाही.

मे महिन्यात अहवाल आला. त्याची प्रत दर्शनी हॉलमध्ये टेबलावर ठेवली होती. पान चौदावर लिहिले आहे की, एक रहिवासी संवाद साधू शकत नाहीत, तथापि तपासणीच्या वेळी ते हसतमुख व समाधानी दिसले. निवासाला 'चांगला' असा शेरा मिळाला. अर्जदाराने ते पान उभ्याने तीनदा वाचले. डॉक्टर हसतमुख होते हे खरे आहे, त्याचे कारण वर लिहिले आहे.

अर्जदाराने दि. ४ जून रोजी पत्र लिहिले. आपल्या कार्यालयाने उत्तर दिले की, दुरुस्ती रहिवाशाने स्वतः अथवा नातेवाइकाने मागावी. रहिवासी संवाद साधू शकत नसल्याने ते स्वतः मागू शकत नाहीत, असेही त्याच पत्रात होते. अर्जदाराने डॉक्टरांच्या कन्या नीना यांचा लीड्सचा फोन मिळवला. नीनाबाई आधी रागावल्या. तुम्ही कोण, लाँड्रीतल्या ना, असे म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी त्या आल्या. अर्जदार दोघांच्या मध्ये बसली. डॉक्टर मुलीकडे बघत म्हणाले, "एवढ्या लांबून आली, जेवून आलीय का ही?"

अर्जदाराने ते इंग्रजीत सांगितले. नीनाबाई हातांत तोंड लपवून इंग्रजीत म्हणाल्या, "मला वाटायचं, हा नुसता आवाज आहे. दोन वर्षं मी समोर बसून टीव्ही लावत होते." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, जेवले हे मराठीत कसे सांगायचे? अर्जदाराने सांगितले. नीनाबाई वडिलांकडे वळून म्हणाल्या, "हो, डॅड. जेवलो."

"जेवलो नाही," डॉक्टर म्हणाले, "जेवले. मुलगी आहेस ना तू?" आणि तोंड वाकडे झाले तरी हसत राहिले.

नीनाबाईंनी त्याच दिवशी अर्जावर सही केली. त्या आता दर पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. घंटेची दोरी त्यांनी भांडून डाव्या बाजूला बांधून घेतली. निजण्याच्या वेळेबाबत मॅनेजरबाईंनी अहवाल पुढे केला : रहिवासी समाधानी आहेत असे सरकारच म्हणते.

सप्टेंबरात आपण दुभाषी पाठवलात. आपल्या यादीत मराठी नसल्याने इल्फर्डहून एक गुजराती गृहस्थ आले. चांगले होते. त्यांनी हिंदीत विचारले, डॉक्टरांनी मराठीत उत्तर दिले, त्यांना निम्मे कळले. अर्जदार शेजारी उभी होती, परंतु हितसंबंध असल्याने तिने तोंड उघडू नये असा नियम असल्याचे तिला सांगण्यात आले. दुभाष्याने प्रामाणिकपणे लिहिले की, रहिवासी बोलतात, मात्र ज्या भाषेत बोलतात तिच्याबद्दल आपण दाखला देऊ शकत नाही. यावर आपल्या कार्यालयाने अहवालात बदल करण्यास पुरेसा आधार नसल्याचे कळवले.

मार्चपासून डॉक्टर रोज एकच विचारत. अर्जदाराने कोट काढून खुर्चीवर टाकायच्या आत विचारत.

"त्या वहीवाल्या बाईंचं उत्तर आलं का?"

अर्जदार म्हणे, अजून नाही. ते म्हणत, सरकारी काम आहे, वेळ लागायचाच. मीही सरकारी नोकरी केलीय इथे.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्या छातीत कफ झाला. बोलणे दोन शब्दांवर आले. दि. १ नोव्हेंबर रोजी दुपारी चार वाजता अर्जदार गेली, तेव्हा त्यांनी डोळे उघडून फक्त "उत्तर?" एवढेच विचारले.

आता अर्जदार तो कबुलीचा भाग लिहिते.

अर्जदाराच्या खिशात नव्या ड्रायरच्या सूचनांचा एक घडी घातलेला कागद होता. तो तिने उघडला, आणि "आलं, डॉक्टर, आजच आलं" असे म्हणून आपल्या कार्यालयाच्या नावाने वाचून दाखवला. मजकूर असा : "श्रीयुत डॉ. श्रीनिवास आगटे यांस. आपण दि. १४ मार्च रोजी आमच्या तपासनीसांकडे केलेले निवेदन या कार्यालयास मिळाले. आपण सांगितलेल्या तीनही गोष्टी योग्य असून त्यांची नोंद घेतली आहे. आपणास वेळेआधी निजवणे चूक होते. उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत."

अकरा वर्षे नोकरी केलेल्या बाईला असा मजकूर जागच्या जागी सुचतो. डॉक्टरांनी तो डोळे मिटून ऐकला. मग विचारले, "सही?"

"विभागीय प्रमुखांची," अर्जदार म्हणाली.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोचलं म्हणजे."

दि. ३ रोजी पहाटे ते गेले. नीनाबाई वेळेवर पोचल्या होत्या. त्यानंतर सहा दिवसांनी, रहिवासी हयात नसल्याने प्रकरण बंद केल्याचे आपले पत्र आले. आता पाळी संपल्यावर अर्जदार कोट घालते आणि सरळ बसस्टॉपवर जाते.

अर्जदाराची विनंती अशी की, पान चौदावरील वाक्याच्या जागी 'रहिवासी मराठी बोलतात, ती तपासनीसांना समजली नाही' असे लिहावे. दुसरे, खोली क्रमांक एकवीसमधील बाईंच्या फाइलवरही 'बोलत नाहीत' असेच लिहिलेले आहे. त्या रोज दुपारी एकच वाक्य म्हणतात. ते मराठी नाही, हिंदी नाही, अर्जदाराला कळत नाही, पण ते वाक्य आहे. पुढच्या खेपेला तपासनीसांनी तिथे थोडे जास्त बसावे.

शेवटची विनंती वर उतरवलेल्या मजकुराबाबत आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने खोटे पत्र वाचणे हा गुन्हा आहे, हे अर्जदाराला ठाऊक आहे, आणि जी शिक्षा होईल ती तिला मान्य आहे. तथापि त्या मजकुरात चुकीचे काही आढळले नाही, तर तो आपल्या कागदावर टंकलिखित करून डॉक्टरांच्या नावे, नीनाबाईंच्या पत्त्यावर पाठवावा. सही आपली आहे असे अर्जदार सांगून बसली आहे. ती आपण करावी.

उत्तराची वाट पाहणारी,
वरदा मिलिंद देवपुजारी
लाँड्री विभाग, एल्मक्रॉफ्ट निवास

सोबत :
१) अहवालाच्या पान चौदाची प्रत.
२) डॉ. आगटे यांचे निवेदन, त्यांनी सांगितले तसे, अर्जदाराच्या अक्षरात. खाली डाव्या हाताची सही.
३) कु. नीना आगटे यांचे संमतिपत्र. त्यातील शेवटची ओळ त्यांनी मराठीत लिहिली आहे. ती दुरुस्त केलेली नाही.