आलोशियस दुधी

१६ एप्रिल १९५०
दारूबंदीत ताडीही बंद. धर्मा भंडारी ताडी काढायला वाळवलेला नवा भोपळा देऊन गेला. आता पोखरून काय करू, म्हणाला. बी आतच खुळखुळतंय. भोपळा केवढा! आमचा दुधी त्यापुढे पडवळ.
ठरलं. दुधीची कोवळीक, याचा आकार. क्रॉस करायचा. नवी जात, नाव माझंच: 'आलोशियस'. प्रदर्शनात पहिलं बक्षीस. उद्यापासून पहाटे उठणे.

१७ एप्रिल
उठलो नाही. बायकोला, उर्सुलाला सांगितलं, परसात क्रॉस करतोय. म्हणाली, वेशीवरचा खुरीस पुरे नाही का? तिला क्रूस वाटला. समजावल्यावर विचारते, ताडीचा भोपळा कोणी खातं का? पालथ्या घड्यावर पाणी.

३ सप्टेंबर
दोन्ही वेल फुलले. तिन्हीसांजेला भोपळ्याची नरफुलं दुधीच्या मादीफुलांना लावली. डास फार. फळं धरली की ओळखीला नखाने क्रॉस कोरणे.

२१ डिसेंबर
क्रॉसच्या फळांचं बी टपोरं! उर्सुलाच्या आईचं दुधीचं जुनं बी राखेच्या डब्यात होतं, तिने लग्नात आणलेलं. कोंबड्यांना घातलं. एका परसात दोन जाती नकोत, भेसळ होते. उर्सुला दिवसभर बोलली नाही. कामाला शांतता लाभली.

८ सप्टेंबर १९५१
मारियामातेचा सण. नव्या वेलाचे दुधी हंड्याएवढे! सगळ्यांवर क्रॉस कोरलाय. शेजारच्या सालोमीमावशीला वाटलं मंतरलेला खुरीस. सर्वांत मोठा उचलून फादरांच्या स्वयंपाकघरात पोचवला. मी अडवलं नाही. नाव होतंय.

९ सप्टेंबर
फादरांनी पहिला घास थुंकला म्हणे. सणाच्या पाहुण्यांनीही. स्वयंपाकीण नवखी असणार.
संध्याकाळी: घरचे सगळे चाखले. कडूजहर. डोळ्यांत पाणी आलं. एकही सोडला नाही, आशा वाईट.

११ सप्टेंबर
पोट बिघडलेलं. हवामान. धर्माला फुकट भोपळे देऊ केले. म्हणाला, ताडीला झकास आहेत, पण ताडी कुठाय?
उर्सुलाकडे जुनं बी मागायला गेलो. घरात दाणा नाही. कोंबड्यांचा राग आला.

२ ऑक्टोबर
उर्सुला आगाशीहून आली, बहिणीकडून आईचं बी घेऊन. बहिणीची अट: आलोशियसने वेलाच्या मांडवाखाली पाऊल टाकायचं नाही. पुरचुंडी उर्सुलाच्या कमरेला. मी मागितलीही नव्हती.

१४ ऑक्टोबर
नाव झालं. सालोमीमावशीची काकडी कडू निघाली. कुंपणापलीकडून ओरडली, गो उर्सुला, ही पण आलोशियस निघाली!
उर्सुला हसली. राखेच्या डब्याच्या दिवसापासून पहिल्यांदाच. मांडवाबाहेर उभा राहून ऐकलं.