जावयाला पुरेल इतकी बॅटरी

१६ जुलै

पुन्हा तेच! काठोकाठ भरलेला लॅपटॉप, आणि टेकलेशी मुद्द्याचं बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात पडदा काळा. लेक तिकडे इटलीत, बारीला. मी इकडे डोंगरात, बोट हवेत ठेवून बसलेली. वर इथे वीज नाही, सगळं सोलरवर, आणि सव्वा तासात मान टाकतो हा. आमची म्हातारी गाय याच्यापेक्षा दमदार आहे.

मुद्दा मोठा होता. तोर्घवा अखेर बोलला. ईस्टरला डोनातोने टेकलेला मागणी घातली, तेव्हापासून माझा नवरा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, उठून मेंढ्यांकडे जातो. आज चीज खारवताना अचानक म्हणाला, "माझ्या टेबलाशी बसू दे त्याला. सगळे पेले होऊ देत. मग सांगतो."

"ते बारीत आहेत. बेकरीवाला टेकलेला रजा देत नाही. हा चौथा उन्हाळा."

"मग मी काय करू?"

"लॅपटॉपवर बसवू."

खांदे उडवले. म्हणजे हो – असं मी धरलं.

१७ जुलै

फोनवर का नाही? कारण फोनात माणूस अंगठ्याएवढा दिसतो आणि सासूबाईंना तेवढाही दिसत नाही. तेव्हा लॅपटॉपच. पण खरं घोडं अडलंय ते इमेदा भाऊजींपाशी. तोर्घवाचे थोरले भाऊ, आणि आमच्या घरचे कायमचे तामादा. पेल्यांचा सगळा कारभार तामादाच्या हातात. तो बोलल्याशिवाय कुणी ओठ ओले करायचे नाहीत, आणि क्रम मोडायचा नाही. देव, शांती, गेलेली माणसं, आईबाप, मुलंबाळं... सोयरिकीचा पेला थेट शेवटून दुसरा. त्यात भाऊजींच्या बोलण्याचं गुऱ्हाळ! मागे एका लग्नात ते शांतीवर बोलत होते, तेवढ्यात दोन पाहुण्यांचं भांडण होऊन मिटलंसुद्धा.

गेले विचारायला. "भाऊजी, सोयरिकीचा पेला यंदा जरा वर घेता का? बॅटरीचं अवघड आहे."

"मेलेल्यांच्या आधी जावई? काय वाटेल त्यांना?"

"मग त्यांचं होईपर्यंत लॅपटॉप मिटून ठेवते. नंतर उघडते."

"बसलेल्या पाहुण्याच्या तोंडावर झाकण घालणार तू? आणि पहिल्या पेल्याला जो नव्हता, तो टेबलाशी बसला असं मी तरी म्हणणार नाही."

"मग थोडक्यात तरी बोला."

"मी थोडक्यातच बोलतो," म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटतं.

१८ जुलै

टेकलेने फोनवर शिकवणी घेतली. "आई, आधी पडद्याचा उजेड कमी कर. सगळ्यात जास्त तोच खातो. आणि काय काय उघडं आहे ते सांग."

सांगायला लाज वाटली. पाहुण्यांच्या खोल्यांचं बुकिंग, तीन ठिकाणचं हवामान, राशिभविष्य, हिवाळ्यात अर्धवट सोडलेली एक मालिका – सगळं मागे जागंच! ब्लूटूथही चालू. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक पोलिश पाहुणा आपला स्पीकर घेऊन गेला, हा तेव्हापासून त्याला शोधतोय. बिचारा. बटणांखालचे दिवे चालू, कशाकशाची अपडेट चालू. सगळं बंद केलं. आपण बोलताना आपलंच तोंड कोपऱ्यात दिसतं, तेही बंद. त्याचं दुःख नाही.

"आणि त्याला दुसरं काही जोडू नकोस. कुणाचा फोन तर मुळीच नाही. फोन लावला की तो लॅपटॉपमधून ओढत बसतो."

तोर्घवा बाजूला खोगीर शिवत होता. "म्हणजे गोचीड," म्हणाला.

"हो बाबा, गोचीड." ती हसली.

बापलेकीचं बोलणं एवढंच. पण नंतर दिवसभर गुणगुणत होता.

२० जुलै

रंगीत तालीम. अडीच तास टिकला!! इमेदा भाऊजींनी मनावर घेतलं तर जमेल.

मध्ये एकदा आतला पंखा घोंगावायला लागला. बघते तर सासूबाईंनी लॅपटॉप लोकरीच्या शालीत गुंडाळलेला. "वारा सुटलाय पोरी, आत माणूस आहे." आतला माणूस बारीत घामाने निथळत होता. शाल काढली. म्हटलं, आई, हा गरम झाला की जास्त खातो. "गरम झाल्यावर कोण जास्त खातं?" म्हणाल्या. जाता जाता त्यांना उजेडाचं बटणही दाखवलं – माझा हात गुंतला असला तर कमी करायला. शहाणपणाचं काम केलं असं वाटलं.

२२ जुलै

ढग.

२४ जुलै

ढगच. सोलरच्या डब्यात जेमतेम जीव आहे. मी फर्मान काढलं – मेजवानी होईपर्यंत दिवा नाही, रेडिओ नाही, फोन चार्ज करायचे नाहीत. जे काही येईल ते लॅपटॉपच्या पोटात. एकेक फोन डोळे मिटत गेला. तोर्घवाने आपला मेलेला फोन कोटाच्या खिशात टाकला, चकार शब्द काढला नाही. गुणी माणूस.

२८ जुलै

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

टेबल दुपारी अंगणात मांडलं. तोर्घवाच्या उजव्या हाताला बिअरचं पिंप, त्यावर लाल गालिचा, गालिच्यावर लॅपटॉप. समोर भरलेला पेला, चीज भरलेल्या रोट्या, मटणाच्या सळ्या. शंभर टक्के! पडदा मंद. आत दोघं इस्त्रीच्या कपड्यांत. डोनातो उठून वाकला तेव्हा फक्त त्याचा पट्टा दिसला. सासूबाई म्हणाल्या, "उंच आहे."

देवाचा पेला झाला. आणि डोनातोने मोठ्या कौतुकाने डुकराची एक अख्खी तंगडी कॅमेऱ्यासमोर धरली. त्याच्या आईने खास आमच्यासाठी खारवलेली.

डुक्कर आम्ही वर डोंगरात आणत नाही. खाली आमच्या हिवाळ्याच्या गावी, आलवानीला, चवीने खातो, पण इथे नाही. इथे आणलं की काहीतरी वाईट होतं. टेकलेने कोपर मारलं, तंगडी खाली गेली. पण दिसायची ती दिसली होती.

"आली म्हणायची का?" तोर्घवाने विचारलं.

"वास आला का कुणाला?" इमेदा भाऊजी म्हणाले. "नाही ना? मग नाही आली."

"आपण तिला पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. "एवढं पुरतं."

या वादात किती टक्के गेले ते मला विचारा. मग भाऊजी उभे राहिले आणि गेलेल्या माणसांना सुरुवात केली, ती खापरपणजोबांच्या घोड्यापासून. मी मटण भरून उकडलेल्या खिंकालींची ताटं आत-बाहेर करत होते. एकदा सहज वळून पाहिलं तर पडदा लख्ख! अंगणातून डोनातोच्या नाकावरचा तीळ दिसत होता.

सासूबाई. "पाहुण्याला अंधारात बसवायचं? उद्या त्याची आई म्हणेल, तुश लोकांच्या घरी दिवा नव्हता."

मी मंद करायची, पाठ वळली की त्या लख्ख करायच्या. बटण मीच दाखवलेलं! तरीही हिशेबाच्या मानाने फारच भरभर उतरत होती बॅटरी. अर्धी, पाव, मग तांबडी खूण. भाऊजी मुलाबाळांवर अगदी सविस्तर बोलले.

अखेर सोयरिकीचा पेला. सहा टक्के. तोर्घवा वाइनने भरलेलं शिंग हातात घेऊन उठला – सावकाश, खोकत, मिशा पुसत. मी मागून खुणा करते आहे, आटप, आटप.

"तुझ्याकडे मेंढ्या आहेत का?" त्याने डोनातोला विचारलं.

टेकलेने इटालियनमध्ये सांगितलं. नाहीत.

"बकऱ्या?"

एक मांजर आहे.

"हं. मांजर." विचार केला. खरंच केला, मी बघत होते. "तर बाळा, माझं उत्तर असं आहे की –"

पडदा काळा.

सासूबाईंनी लॅपटॉपवर टिचकी मारली. "भरला पेला टाकून उठून गेला? असा कसा?"

इमेदा भाऊजींनी आपला पेला खाली ठेवला. "शेवटचा पेला मी घेणार नाही. पाहुणा परत येईपर्यंत हे टेबल उठलेलं नाही." डोनातोचा पेला त्यांनी रोटीच्या तुकड्याने झाकला.

आत आल्यावर मी नवऱ्याला गाठलं. काय सांगणार होतास?

"ज्याला सांगायचं तो गेला," म्हणाला, आणि झोपला. घोरलासुद्धा.

२९ जुलै

ढग. गावचा इंटरनेटचा मनोराही सोलरवरच, तोही झोपला; घरून फोन लागतो तोही त्याच्याच जिवावर. खालच्या रस्त्यावर दरड आली आहे, एकही गाडी वर येत नाही. वर खिंडीत फोनला रेंज मिळते – पण रेंज घेऊन काय चाटू? गावात एक फोन जिवंत नाही.

टेकलेला वाटेल, बाप नाही म्हणाला आणि पडदा मिटला. वाटणारच. मला सारखं रडू येतंय आणि मी सारखी भांडी घासतेय. सासूबाईंशी बोलत नाही. त्या बटणाचा त्यांना काय पुळका होता?

तोर्घवा सकाळीच खिंडीकडे गेला. घोडा सुटला म्हणे. दुपारी आला. घोडा मागच्या कुरणातच होता.

३० जुलै

सासूबाईंनी पेल्यावरची रोटी बदलली. मी पाहिलं, तरी बोलले नाही.

१ ऑगस्ट

पाऊस. तोर्घवा गुणगुणतोय. याला काळजी म्हणून नाही. एक सणसणीत बोलले त्याला, तर म्हणतो, "चीज बघ, आंबेल."

३ ऑगस्ट

ऊन! दरड काढली. लॅपटॉप भरतोय, पण मनोरा अजून उठलेला नाही. काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसतं. बरं दिसत नाही.

५ ऑगस्ट

आले!!

जीप दारात थांबली, मला वाटलं पाहुणे, खोल्या झाडलेल्या नव्हत्या म्हणून मी वैतागून बाहेर आले – आणि टेकले! माझी टेकले. हातात चपला, केस कापलेले, आणि मागे डोनातो, त्या रस्त्याने पांढराफटक पडलेला, दाराच्या चौकटीला धरून उभा. तो खरंच उंच आहे.

"ती कुठाय?" इमेदा भाऊजींनी आधी तेच विचारलं.

"खाली आलवानीला मावशीकडे ठेवली," टेकले म्हणाली. "तंगडी वर आणलेली नाही, काका. बघा पिशव्या." भाऊजींनी खरोखरच बघितल्या.

तोर्घवा कुरणातून आला. डोनातोला मिठी मारली, पाठीवर अशा थापा मारल्या की बिचारा खोकला. मग टेकलेसमोर नुसता उभा राहिला. "वाळलीस," म्हणाला. ती त्याच्या कोटात तोंड खुपसून रडली आणि तो तिच्या डोक्यावरून डोंगराकडे बघत राहिला.

पेल्यावरची रोटी काढली. वाइनचा पार सिरका झालेला. डोनातो तो सिरका तळापर्यंत प्यायला, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबला नाही. सासूबाईंनी तिथेच त्याला पास केलं. तोर्घवा शिंग घेऊन उठला आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे बोलला. "– की हो."

मग इमेदा भाऊजी शेवटच्या पेल्यावर बोलले. थोडक्यात. म्हणजे जेवण गार होईपर्यंत.

६ ऑगस्ट

सकाळी टेकलेचे केस विंचरत होते. म्हटलं, रजा कशी दिली गं बेकरीवाल्याने? "नाही दिली. सोडून आले. बाबांचा फोन आल्यावर काय करणार?"

कुठले बाबा? कसला फोन?

"मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या. 'उत्तर इथे टेबलावर ठेवलंय, येऊन घ्या' म्हणाले आणि ठेवला."

मी कंगवा तिथेच टाकला. पिंपावरचा गालिचा उचलला. खाली वायर, एक टोक लॅपटॉपच्या मापाचं, दुसरं तोर्घवाच्या फोनच्या.

गोठ्यात गाठलं त्याला. वायर समोर धरली. दूध काढणं थांबवलं नाही. "पडद्यावर हो म्हटलं असतं तर लग्नही पडद्यावरच झालं असतं," म्हणाला.

सासूबाईंचे पाय धरून आले. चार वर्षं मी लेकीला ये गं, ये गं म्हणत होते. या माणसाने नुसती एक बॅटरी संपवली.