विक्री सोडून सर्व हक्क

मी, नोझुको मजोली, कै. सिपेतो मजोली यांची बायको, राहणार मखोलो वाडी, लुसिकिसिकीजवळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. छातीतली गाठ वाढली आहे, डोकं मात्र शाबूत आहे. मला कोणी दटावलेलं नाही. दटावणारा माणूस कधीच मातीआड झाला.

१. दोन्ही गोल झोपड्या, मक्याचं शेत आणि गाय मुलगी झिमासा हिला. मोठ्या झोपडीचं छप्पर तिने याच जुलै-ऑगस्टच्या हिवाळ्यात शाकारून घ्यावं.

२. मुलगा व्हुयानी तुरुंगात आहे. तो सुटून आला तर छोटी झोपडी त्याची, झिमासाने हक्क सांगू नये. ‘आला तर’ असं लिहिते, कारण त्याला तिथे क्षय लागला आहे आणि मागच्या भेटीत तो भिंतीला धरून चालत होता. बापाचा कोट त्यालाच द्यावा.

३. माझा रेडिओ दीर दुमेझ्वेनी यांना. एकदा तरी बातमी शेवटपर्यंत ऐकतील. कोर्टाने गांजा घरी लावायला, ओढायला मुभा दिली, त्या दिवशी दुमेझ्वेनी निम्मी बातमी ऐकून गावभर नाचले. “वहिनी, मोकळं झालं! आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही!” विकायला बंदी तशीच आहे, हे उरलेल्या निम्म्यात होतं. व्हुयानीने पोतं टॅक्सीच्या टपावर बांधलं आणि भर दुपारी निघाला. नाक्यावर पोलिसाने विचारलं, “पोत्यात काय रे?” हा हसून म्हणाला, “गांजा, साहेब. विकायला नेतोय.” पोलिसही आधी हसला म्हणे. दुमेझ्वेनींना मी माफ केलेलं नाही. हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.

४. नदीकाठचा गांजा. वकील म्हणाले, फुकट दिला तर चालतो, पैसे घेतले की गुन्हा. म्हणून उभी झाडं झिमासाला फुकट देते. अट अशी की, तिने एक पान जरी विकलं तरी शेत तिच्याकडून जावं. एक लेकरू तुरुंगाने नेलं, दुसरं मी देणार नाही.

विक्रीला परवानगी द्यावी का, हे विचारायला सरकारी समितीने आमच्याकडे तंबू ठोकला होता. दवाखान्यातली नर्स फुमला उठून म्हणाली, “दुकानात आला तर पोरं वेडी होतील. माझा भाऊ झालाय.” ती खोटं बोलत नव्हती. तो अजून रस्त्यात स्वतःशी भांडतो. मी म्हटलं, “अगं, पण त्याला विकणाऱ्याने वय विचारलं होतं का? परवाना जायची भीती असली तर दुकानदार निदान विचारेल.” समितीच्या साहेबांनी दोघींच्याही बोलण्याला मान डोलावली आणि चहा पिऊन गेले. पुढे औषधासाठी गांजा पिकवून विकायचा परवाना मिळाला तो शहराजवळच्या कंपनीला.

५. झिमासाने माझ्या खांद्यावरून कलम चार वाचलं.

“आई, शेत देतेस की दावणीला बांधतेस? मक्यावर पोरांची शाळा होते का? आम्हाला कशावर वाढवलंस तू?”

“गांजावर.”

“मग?”

कलम चारमधली अट मी रद्द करते. तिथली रेघ मीच ओढली आहे, कोणी खाडाखोड समजू नये.

६. माझी सासू पोती अंधारात, नदीच्या पात्रातून न्यायची. ती वाट तिने मला दिली. व्हुयानीला ती दाखवायची गरज उरली नाही, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. ती वाट मी झिमासाला देते. विकायला मुभा मिळेपर्यंत तिने तिथूनच जावं. ती कुठून कुठे जाते, ते या कागदावर लिहीत नाही.

मखोलो वाडी, ९ जुलै २०२२
नोझुको मजोली (सही)

साक्षीदार:
१. मलुंगिसी त्शाका, शेजारी (अंगठा)
२. फुमला न्कोबो, नर्स (सही). कलम सहा मी वाचलेलं नाही.