ऐच्छिक विषय

४ ऑगस्ट, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे, जिना चढू देतो का, हे आधी कळव. मी बरी आहे. कुणी विचारलं तर बरी आहे असं सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. कुठे दुखत नाही, खुपत नाही.

फोनच करणार होते. पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. हवापाणी झालं, भाजीपाला झाला, की दोघीही दुसरी कधी ‘ठेवते’ म्हणतेय याची वाट बघत बसतो. त्यापेक्षा कागद बरा.

कॉलेज सुरू झालं. आमचा विषय यंदाही काठावर पास झाला. ऐच्छिक विषयाला किमान बारा मुलं हवीत असा विद्यापीठाचा नियम आहे, ‘प्रगत इंग्रजी आणि भाषाविज्ञान’ला तेरा आली. त्यातल्या नऊ जणांनी पहिल्याच तासाला सरळ सांगितलं की बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या म्हणून इकडे आलो. होणारे इंजिनियर आहेत, आढेवेढे घेत नाहीत. आमची खोली तळमजल्यावर, कार्यशाळेच्या भिंतीला भिंत लावून. पलीकडे लेथ सुरू झालं की मी स्वर थांबवते आणि व्यंजनं शिकवायला घेते, ती ओठ-जीभ बघून तरी कळतात.

पूल शिकवणारे एक सर आहेत, ते जेवणाच्या सुट्टीत हटकून मला छेडतात. परवा म्हणाले, ‘काय हो, तुमच्या कर्त्या-कर्मावाचून माझा एकही पूल आजवर पडला नाही.’ मी म्हटलं, ‘तुमचा अहवाल वाचलाय मी. त्यात पूल कुणी बांधला तेच कळत नाही.’ सगळे हसले. मीही हसले असेन.

मुलं मात्र चांगली आहेत. वाक्याची फोड करायला सांगितली की वायरिंगचा नकाशा काढल्यासारखी काढतात, क्रियापदाला मेन स्विच म्हणतात. मोजता येईल ते सगळं त्यांना आवडतं. यंत्र शाखेची एक मुलगी आहे, शेवटच्या बाकावर बसते. बोलते कमी, पण जिथे बोट ठेवते तिथे टोचतं. मी मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवलंय.

यंदा त्यांना एक नवं काम दिलं. खऱ्या माणसांचं बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. अडखळणं, अर्धवट शब्द, श्वास, मधली शांतता, सगळं. आणि मग त्याचं इंग्रजी करायचं. माणसं पुस्तकासारखी बोलत नाहीत, हे एकदा कानांनी कळलं की पुढचं शिकवायला सोपं जातं. नमुना म्हणून आईचं बोलणं दिलं. शेवटच्या वर्षात मी माझ्या फोनवर तिचं बोलणं अधूनमधून रेकॉर्ड करून ठेवत असे. शिवणयंत्र आधी पायाने उलटं फिरायचं आणि धागा तुटून जायचा, ती गोष्ट. सहा मिनिटांची आहे. मुलांना आई आवडली. एक जण म्हणाला, ‘मॅडम, आजी एकही वाक्य पूर्ण करत नाहीत, पण सगळं कळतं.’

प्रयोगशाळेतल्या सहायकाने त्यात थोडा घोळ केला. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. टाचणीने एक प्रश्न विचारला. असो.

तुझ्या शाळेत नवीन मुख्याध्यापक येणार होते, आले का? गोळ्या जेवणानंतरच घे, आधी नको.

तुझी,
धाकटी


२५ ऑगस्ट, रविवार

ताई,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. दोनच ओळी. ‘आईचं रेकॉर्डिंग आहे हे मला ठाऊक नव्हतं. पाठव.’ गुडघ्याचं काही लिहिलं नाहीस.

पाठवायला एक मिनिट पुरतं. सहा मिनिटांची फाईल तयारच होती. दोनदा पाठवायला घेतली आणि ठेवून दिली. मी तुला असो म्हणून टाळलं होतं, ते आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा बारा दिवस जातील, म्हणून आज बसल्या बैठकीत संपवणार आहे.

मूळ फाईल एकोणीस मिनिटांची आहे. वर्गासाठी मी त्यातली पहिली सहा मिनिटं कापून वेगळी केली होती. सहायकाला दोन फाईली दिसल्या. मोठी ती खरी, असं समजून त्याने सगळ्या संगणकांवर तीच चढवली. तो आठवडा मी परीक्षेच्या कामावर होते. परत आले तेव्हा टेबलावर तेरा जणांचे तेरा गठ्ठे होते आणि प्रत्येकात एकोणीस मिनिटं अक्षरन् अक्षर उतरवलेली. मी वरचाच गठ्ठा उचलला, चौदावं मिनिट काढलं. ते मला पाठच होतं. तरी वाचलं.

‘थोरलीला फोन केलास?’

‘केला.’

‘काय म्हणाली?’

‘जमत नाही म्हणाली.’

‘असू दे.’

एवढंच आहे. नंतर आई पाणी मागते, आणि मग पुन्हा शिवणयंत्राचं काहीतरी.

तास घ्यायचाच होता, तो घेतला. नेमकं त्या दिवशी लेथ बंद होतं. स्थापत्य शाखेच्या एका मुलाने प्रत्येक शांतता स्टॉपवॉच लावून मोजली होती. तो म्हणाला, ‘मॅडम, “जमत नाही” आणि “असू दे” यांच्यामधे अकरा सेकंद आहेत. अख्ख्या फाईलमधली सगळ्यात मोठी शांतता.’ मग ‘असू दे’चं इंग्रजी काय करायचं यावर वाद झाला. पाच जणांनी पाच वाक्यं काढली, फळ्यावर लिहिली. एक म्हणाला, यात राग आहे. दुसरा म्हणाला, राग नाही, समजूत आहे. तिसरा म्हणाला, दोन्ही नाही, म्हाताऱ्या माणसांना सवय असते. पाचातलं एकही बसेना. मी डस्टर घेऊन उभी होते. त्यांना वाटलं मॅडम विचार करताहेत.

तेव्हा टाचणीने हात वर केला.

‘मॅडम, तुम्ही “केला” म्हणायच्या आधी एक श्वास घेतला आहे. एकोणीस मिनिटांत तुम्ही आजींना चाळीस उत्तरं दिलीत. बाकी एकाही उत्तराआधी तो नाही. तो लिहायचा का?’

‘ऐकू येतो ना?’ मी विचारलं.

‘येतो.’

‘मग लिहायचा.’

तिने लिहिला. बाकी बारा जणांनीही आपापल्या कागदावर लिहिला.

तास सुटल्यावर ती मागे राहिली. वह्या आवरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘ती फाईल चुकून आली का?’ मी म्हटलं, हो. ‘मग माझी प्रत पुसून टाकू?’ म्हटलं, ‘नको, मार्क द्यायचेत.’ मी तिला पूर्ण मार्क दिले. काम चोख होतं.

ताई, मी तुला फोन केला नव्हता.

तुला मागचं सगळं ठाऊक आहे, तरी ते एकदा माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे. तू नवऱ्याचं घर सोडलंस आणि बॅग घेऊन आपल्या दारात आलीस, तेव्हा आई उंबऱ्यातून हलली नाही. ‘तुझं घर तिकडे,’ म्हणाली. मी तिच्या पाठीशी उभी होते. मला बाजूला होऊन तुला आत घेता आलं असतं, ते मी केलं नाही. तू गेलीस ती सात वर्षं आली नाहीस. त्या सात वर्षांत आईने तुझा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. दुखणं आल्यावर तिला उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, सगळं मी केलं. ते मोठेपणासाठी सांगत नाही. तेव्हा मला वाटायचं की निदान एवढं तरी फक्त माझं आहे.

आणि मग त्या मंगळवारी ती चहा पिताना म्हणाली, ‘थोरलीला बोलाव. तिला म्हणावं, आईने बोलावलंय.’ इतकं सहज, जणू तू शेजारच्या खोलीतच आहेस. मी ‘बरं’ म्हटलं. कपबशी उचलली, स्वयंपाकघरात आले, फोन हातात घेतला आणि परत ठेवला. रागाने नाही. मी अनेकदा आठवून पाहिलंय, राग नव्हता. तू येशील, दारातून आत येशील, ती तुझा हात धरेल आणि सात वर्षं पुसली जातील, एवढं डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, उद्या करू. बुधवारीही म्हटलं, उद्या करू. गुरुवारी तिने विचारलं, तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग सुरू होतं. मीच शिवणयंत्राची गोष्ट टिपायला बसले होते. पुढचं वर लिहिलंच आहे.

‘अजून केला नाही’ असंही म्हणता आलं असतं. ते तोंडात येतच होतं. का बदललं ते मला आजही सांगता येत नाही.

शुक्रवारी तिची वाचा गेली. पुढच्या मंगळवारी ती गेली आणि तेव्हा मी तुला फोन केला. तू रात्रभर प्रवास करून आलीस. आलेली माणसं पांगल्यावर आपण दोघी स्वयंपाकघरात होतो. तू विचारलंस, ‘शेवटी माझं नाव काढलं होतं का तिने?’ मी कप पुसत होते. म्हटलं, ‘नाही. शुद्धच नव्हती.’ तू मान हलवलीस, बाह्या वर केल्यास आणि राहिलेली भांडी घासायला घेतलीस. सगळी घासलीस. मला म्हणालीस, ‘तू बस, फार दमलीयेस.’

आई गेली ती तू यायला नाही म्हणालीस असं समजून. तू जगते आहेस ती तिने बोलावलंच नाही असं समजून. दोघींच्या मधे फक्त मी होते.

हे लिहिताना रडू आलं असतं तर तसं लिहिलं असतं. आलं नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली, काही आतवर पोचतच नाही. बुधवारी विभागप्रमुख बाईंनी केबिनमधे बोलावलं. पुढच्या वर्षापासून भाषाविज्ञान बंद, त्याऐवजी मी चारही शाखांना अहवाललेखन शिकवायचं. सोळा वर्षं चालवलेला विषय. मी ‘बरं’ म्हटलं. बाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही भांडाल असं वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती.’ मला त्यांच्यासाठीच वाईट वाटायला हवं होतं. मी उठून तासाला गेले.

फक्त त्या वर्गात, ती मुलगी श्वासाचं बोलत होती तेव्हा, माझे तळहात ओले झाले होते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी झालं म्हणून तुला सांगते.

या पाकिटात पेनड्राइव्ह आहे. त्यात पूर्ण एकोणीस मिनिटं आहेत, कुठेही कात्री लावलेली नाही. सहा मिनिटांची फाईल मी पुसून टाकली. टाचणीच्या कागदांची झेरॉक्सही ठेवली आहे, तिला विचारून. ऐकवेनासं झालं तर वाच. वाचवेनासं झालं तर तसंच ठेवून दे. पण आधी पहिली सहा मिनिटं ऐक असं मला वाटतं. त्यात ती हसते आणि खोकला येईपर्यंत हसते. तो आवाज तुझ्याकडे नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि तेवढंही काम मला तुझ्यावर टाकायचं नाही. पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. फोन आला तर मी उचलेन आणि तू बोलशील ते सगळं ऐकेन, मधे ठेवणार नाही.

माझ्याकडे तुझा एक निरोप राहिला होता. तो जसाच्या तसा देते.

आईने तुला बोलावलंय.

धाकटी