वीस दिवसांची मनाई

चिंचवड, १ एप्रिल १९५८
औषध निरीक्षक म्हणून आज रुजू झालो. परवापर्यंत साताऱ्यात औषधांच्या दुकानात पुड्या बांधत होतो, आता सरकारी मोहोर माझ्या पिशवीत! खोली हवेशीर आहे, खिडकीतून पवना दिसते. घरमालकीण कुसुमताईंनी ट्रंक उघडायच्या आधीच ताकाचा तांब्या आणून ठेवला. कचेरीने सायकल दिली आहे. घंटी वाजत नाही, पण ओरडायला मला गळा आहे.

३ एप्रिल
चाकण रस्त्यावरचा इंजेक्शनांचा कारखाना तपासला. मालक रंगराव अगत्याने हिंडवत होते. शिरेतून द्यायच्या ग्लुकोजच्या चारशे बाटल्या गोदामात रचलेल्या. उजेडात धरून पाहिल्या, पाणी अगदी नितळ. निघताना राखणदार सोनबा सायकलीपाशी आला. हळूच म्हणाला, "सायेब, पानी गाळायचं यंत्र दोन दिस बंद हुतं. हिरीचं पानी भरलंय."
परत फिरलो. नमुने घेतले, रंगरावांसमोर मोहोरबंद केले, एक भाग त्यांना दिला, एक सरकारी प्रयोगशाळेकडे धाडला. उरलेला माल हलवू नये असा लेखी हुकूम दिला आणि गोदामाला मोहोर लावली. असा हुकूम वीसच दिवस चालतो. तेवढ्यात अहवाल येईल.

१७ एप्रिल
अहवाल नाही. दोन तारा केल्या. वरून उत्तर आलं की सगळ्या इलाख्याचे नमुने तिथेच येतात, धीर धरा. खेड्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली आहे. दवाखाने बाटल्या मागताहेत.

२३ एप्रिल
मुदत संपली. रंगरावांनी कायद्याचं पुस्तक उघडून कलमावर बोट ठेवलं. माझ्याकडे सोनबाच्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि आज तो मान वर करीना. मोहोर मीच फोडली. 

२५ एप्रिल
अहवाल आला. नमुना टोचताच सशांना ताप भरला. तीनपैकी दोन मेले.
सायकल दामटत गेलो. गोदाम रिकामं. रंगराव मुंबईला. सोनबा रडत होता. लेबलांवर नवी लेबलं चिकटवून माल ट्रकने गेला म्हणाला. नवा बॅच नंबर काय, विचारलं. त्याला वाचता येत नाही.
दवाखान्यांना तारा केल्या. पण नंबर जुनाच माहीत, तोच कळवला.

२७ एप्रिल
थेरगाव. गोजाबाई पटकीतून उठत होती, सकाळी बोललीही. बाटली लावली आणि अंग असं थडथडलं की खाट हलली. तासात गेली. बाटली फोडून टाकलेली, लेबल नाही. तिचा नवरा चिमाजी माझ्याकडे बघत राहिला.
"तुमी सरकारचं मानूस. ती बाटली पास हुती न्हवं?"
काचा वेचून पिशवीत भरल्या.

२९ एप्रिल
आणखी दोन गावं. दोन्हीकडे उशीर. वाटेत तहानेने ओढ्याचं पाणी प्यालो. आता उलट्या— पायात गोळे—

३० एप्रिल. चाकण, पटकीची छावणी
कोणी आणलं आठवत नाही. चार खाटा, चार बाटल्या. मला मघाशीच लावली. नर्स शालनबाईंना बाटलीकडे खूण केली. त्यांनी माझीच तार काढून नंबर ताडून पाहिला. म्हणाल्या, तुम्ही कळवलेला नंबर हा नाही, निर्धास्त पडा. पलीकडच्या तंबूत गेल्या.

पहिल्या खाटेवरचा म्हातारा थडथडतो आहे.

दुसरी खाटही हलते—

माझ्या बाटलीचं लेबल ओलं झालंय. कोपरा सुटला. खाली जुनं लेबल. तोच नंबर.

सुई ओढून काढली. हाक मारतो, आवाज फुटत नाही. पटकीत गळा बसतो. तिसऱ्या खाटेवर बाई— तिची बाटली टपकतेच आहे— उठता येत नाही—
थंडी वाजते. दात—
वही सापडेल त्याने सगळ्या दवाखान्यांना तार करावी. वरचं लेबल खोटं. बाटल्या थांबवा. नवा नंबर लिहितो— बाटली उलटी, नीट दिसत— पहिलं अक्षर