मिसिंगचं मूळ कारण

५ ऑगस्ट २००१, रविवार
रश्मीचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. एकोणीस तारखेला निघायचं. दौंडहून संध्याकाळी सातची रेल्वे. घरात जाहीर करून टाकलं की पोरीला शिरूरहून दौंडपर्यंत आपल्या स्वतःच्या गाडीतून सोडणार. एसटी नाही. रश्मीची आई म्हणाली, "गाडी गावाबाहेर पडते का ते बघा आधी." गाडी चौऱ्याऐंशीचं मॉडेल, गावातल्या डॉक्टरांकडून जुनी घेतलेली. इंजिन उत्तम. फक्त अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर विचार करते, मग झटका देते. मिसिंग. किरकोळ बाब. चौदा दिवस हातात आहेत, आणि मी रांजणगावला क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. दोष शोधण्याचाच पगार घेतो.

७ ऑगस्ट
कंपनीत शिकवलंय, दोष दुरुस्त करायचा नाही, मूळ कारण शोधायचं. पाच वेळा 'का' विचारायचं. वहीत तक्ता आखला. गाडी झटके का देते? पेट्रोल नीट पोचत नाही. का? कचरा. का? इथं जेवायला हाक आली. निष्कर्ष : कार्बुरेटर.

११ ऑगस्ट, शनिवार
कार्बुरेटर खोलला. पेट्रोलनं धुतला, फुंकला, परत बसवला. एक बारीक स्क्रू उरला. जादाचा असावा. झटके आहेतच, शिवाय आता गाडी उभ्या उभ्या बंद पडते. म्हणजे आपण कारणाच्या अगदी जवळ आलोय.

१२ ऑगस्ट, रविवार
भाजी आणायला गाडी नेली. बाजाराजवळ बंद पडली, परत चालू केली. तेवढ्यात हौशीराम मिस्त्री आला. नगर रोडला त्याचं गॅरेज आहे. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. नुसता कान दिला आणि म्हणाला, "सायेब, पॉइंट झिजल्यात. धा मिन्टाचं काम हाय. उद्या आणा."
पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी वेळेवर पोचवणारा बारीकसा भाग. न बघता कशावरून, असं विचारलं. "आवाजावरनं," म्हणाला. आवाज हा पुरावा नव्हे. तो चौथी नापास आहे, माझा डिप्लोमा थोडक्यात राहिलेला. नको म्हणून सांगितलं.

१५ ऑगस्ट, बुधवार
सुट्टी. झेंडावंदन करून आलो आणि चारही प्लग बदलले. काही फरक नाही, पण प्लग तरी नवे झाले.
रश्मी बाजूला येऊन उभी राहिली. "पप्पा, एसटीनं गेले तरी चालेल मला." तिला समजावलं की तू यात पडू नकोस.
खरं म्हणजे दीड तास गाडीत तिच्याशी निवांत बोलायचंय. ती दहावी झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे चहा घेतला का आणि लाइट बंद कर. घराबाहेर राहायला जाणारी आमच्याकडची पहिलीच मुलगी. चार गोष्टी सांगायला पाहिजेत. मुद्दे अजून काढले नाहीत. आधी गाडी.

१८ ऑगस्ट, शनिवार
ट्रायल. कारेगावपर्यंत जाऊन आलो. जाताना एकवीस झटके, येताना सतरा. स्पष्ट सुधारणा. आकडे रश्मीच्या आईला दाखवले. ती म्हणाली, "येताना वारा पाठीमागून होता." तिला टेक्निकल गोष्टींत रस नाही.

१९ ऑगस्ट, रविवार, दुपारी ३
घरात बुद्धवंदना झाली. ट्रंक, गादी, फराळाचा डबा डिकीत. शेजारचे जयसिंगआप्पा ओट्यावर उभे होते. त्यांच्यासमोर पहिल्या सेल्फला चालू झाली. आम्ही तिघं निघालो.

त्याच दिवशी, ४.५०, न्हावऱ्याच्या पुढं
झटके मोजायला वही बरोबर घेतली होती, म्हणून लिहितोय.
इथपर्यंत चाळीस मोजले. मोजण्याच्या नादात बोलणं राहिलं. म्हटलं, पाच मिनिटं थांबून बंदोबस्त करून टाकू, पुढं निवांत बोलता येईल. प्लगच्या चारही वायरी एकदम काढल्या, फडक्यानं स्वच्छ पुसल्या, परत लावल्या. तेव्हापासून गाडी चालूच होत नाही. सायलेन्सरमधून बार तेवढे उडतात.
पाऊण तास झाला, दौंडची एसटी आली. रश्मीनंच हात केला. मी म्हटलं दोन मिनिटं थांब. कंडक्टर म्हणाला, "ताई, येताय का न्हाई?" दोघींनी सामान चढवलं. रश्मी माझ्याकडं परत आली, वाकली. माझे हात कोपरापर्यंत काळे, तिचा ड्रेस नवा, पांढरा. हात पाठीमागं धरून उभा राहिलो. म्हटलं, स्टेशनवर भेटतोच.

२० ऑगस्ट
काल न्हावऱ्याला चालत जाऊन पीसीओवरून हौशीरामला फोन केला. तो पावणेसहाला मोटारसायकलवर आला. दोन नंबरची आणि तीन नंबरची वायर एकमेकींच्या जागी लागली होती. त्यानं त्या बदलल्या. गाडी चालू.
"निघा आता सायेब, रेल्वे चुकंल," म्हणाला. पण अदलाबदल नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली हे तिथंच नोंदवून घेणं भाग होतं. त्यात वीस मिनिटं गेली. पुढं झटके होतेच.
दौंडला पोचलो सात दहाला. रेल्वे सातला सुटली होती. एरवी ही शिस्त दिसत नाही.
रश्मीची आई बाकावर बसली होती. म्हणाली, "दारातच उभी होती. गाडी हलेपर्यंत आत गेली नाही." काही म्हणाली का, असं विचारलं. "पप्पांना जेवायला सांग, म्हणाली."
परतीचा प्रवास. झटके मोजले नाहीत.

२६ ऑगस्ट, रविवार
शेवटी हौशीरामकडं गाडी नेली. पॉइंट बदलले. नऊ मिनिटं लागली. गाडी लोण्यासारखी चालते. म्हणजे दोष ठिणगीतच होता, जे माझ्या तक्त्यात पुढच्या 'का'ला आलंच असतं.
संध्याकाळी जयसिंगआप्पांकडं रश्मीचा फोन आला. आधी आई बोलली. मग रिसीव्हर माझ्या हातात. रश्मी म्हणाली, "बोला ना पप्पा."
मुद्दे काढायचे राहूनच गेले होते. मग ठिणगी एक-तीन-चार-दोन या क्रमानं पडते आणि वायरी त्याच क्रमानं का लावाव्या लागतात, ते सांगितलं. ती हं हं करत होती. मध्ये थोडा वेळ तेही थांबलं. मला वाटलं लाइन गेली, म्हणून परत पहिल्यापासून सांगितलं.
मग म्हणाली, "पप्पा, मागं मुलींची रांग आहे. ठेवू?"
ठेव म्हटलं.
तिची आई विचारत होती, रडत होती का पोरगी. मी म्हटलं, छे, गाडीची चौकशी करत होती.