प्रेस चारचा जुना पत्ता

सोमवार
तिसऱ्यांदा संगणकावर पान उघडलं तेव्हा बटणं जागेवर बसली. हिरवं ‘चालू’, लाल ‘थांबवा’. मास्तर मागे उभे होते. आमच्या दोघांच्या विभागातले ते थोरले. शिकवायची खोड म्हणून हे नाव. पहिल्याच दिवशी अख्खा कारखाना हलवणार का, म्हणाले. खाली पत्रा दाबणारे सहा प्रेस आहेत. प्रत्येकाशी एक टॅब्लेट, त्यावर आमचं पान. माझा धाकटा भाऊ प्रेस पाचवर असतो. जेवताना सगळ्यांना सांगत होता, ताईला घरचा मिक्सर लावता येत नाही, ती आता आमचे प्रेस लावणार. पोट धरून हसलो. खिडकीजवळची जागा मिळाली; तिथून सगळा कारखाना दिसतो.

बुधवार
नवं पान सगळीकडे पाठवलं. जुनं पान सर्व्हरवरच्या ज्या पत्त्याला हुकूम धाडायचं, तो साडेदहाला काढून टाकला. मास्तर म्हणाले, चार दिवस राहू दे. मी म्हटलं, आता कोण वापरतंय.

संध्याकाळ. प्रेस चारच्या टॅब्लेटने जुनंच पान साठवून ठेवलं होतं. दहा चाळीसला तिथल्या कामगाराची, सगळे त्याला पैलवान म्हणायचे, बाही पत्रा आत ओढणाऱ्या पट्ट्यात अडकली. प्रेसवरचा लाल खटका महिनाभर तुटलेला. त्याने मोकळ्या हाताने ‘थांबवा’ दाबलं. अकरा वेळा. हुकूम आले, पत्ता नव्हता. प्रत्येक ठोक्याला तो थोडा आत गेला. बोटं, मनगट, कोपर, खांदा. मग डोकं. टॅब्लेट त्याच्याबरोबर चेचला गेला.

शनिवार
अपघात म्हणून नोंद झाली. मला कोणी काही विचारलं नाही. धाकट्याला आता प्रेस चार दिलाय. मी नको म्हणाले, रडले. तो म्हणाला, ताई, तू पानं बघ, पत्रा मी बघतो.

सोमवार
आजचा लॉग पाहिला, सर्व्हरवर आलेल्या हुकुमांची नोंद. दहा चाळीस. थांबवा. अकरा वेळा. टॅब्लेट चारवरून. तो टॅब्लेट कपाटात आहे, दोन तुकडे. जाऊन पाहिले. काचेत अजून केस आहेत.

मंगळवार
दिवसभर ‘थांबवा’ येतंय. मिनिटाला अकरा. मास्तर म्हणाले, आकडे बघत बसू नकोस, घरी जा. स्वतः मात्र कपाटाकडे पाठ करून बसत नाहीत.

बुधवार
पत्ता परत लावला. एकदा तरी त्याला उत्तर मिळू दे. सर्व्हरने उत्तर दिलं: ठीक.
हुकूम येणं थांबलं.

गुरुवार
दहा छत्तीस. प्रेस चार बंद आहे. धाकटा साच्यात दोन्ही हात घालून कचरा काढतोय. लॉगमध्ये ओळ आली. टॅब्लेट चार. चालू.
प्रेस थरथरला. तो दचकला, मागे बघून हसला, पुन्हा हात घातले.
जुना पत्ता दोन्ही हुकूम घेतो. हे मला — पत्ता काढतेय, निघत नाही — काचेवर ठोकलं, त्याला ऐकू — चालू — चालू — जिना —

शुक्रवार
दवाखाना. डाव्या हाताने लिहितेय. उजवा कोपरापासून नाही. त्याला ढकललं, एवढं आठवतं.
सकाळी धाकट्याने मला भरवलं. दोन्ही हात आहेत त्याला.
प्रेस चारवर आज नवा माणूस आलाय म्हणाला. पत्ता तसाच आहे का, विचारलं. त्याला ठाऊक नाही. मास्तरांना फोन लाव म्हटलं. दहा अडतीस झाले. ते उचलत ना—